दोन खुंटांची सीमा

सीमा आखायची म्हणजे नकाशा लागतो, तांबडी शाई लागते, एखादा आयोग लागतो आणि शेवटी राजपत्रात छापलेली अधिसूचना लागते, अशी आपल्या भागातल्या माणसाची समजूत असते. आणि ती अनुभवातून आलेली असल्यामुळे तिला कोणी हसू नये. पण आज मी ज्या सीमेविषयी लिहिणार आहे, ती आखायला प्लास्टिकचे दोन खुंट पुरले. १९९१ साली अमेरिकेत विक्रीला आलेल्या एका खेळयंत्राच्या तोंडात, आतल्या बाजूला, हे दोन चिमुकले खुंट बसवलेले होते. जपानात विकत घेतलेली कॅसेट त्या तोंडात घालू गेले की ती खुंटांवर अडकायची. अमेरिकन कॅसेटच्या पाठीला मात्र त्या खुंटांपुरत्या खाचा ठेवलेल्या असत. आतली विद्युत मांडणी दोन्ही देशांत सारखीच होती. पक्कड घेऊन खुंट मोडले, की जपानी खेळ अमेरिकन यंत्रावर बिनतक्रार चाले.

हायस्कूलच्या मुख्याध्यापकाने व्हिडिओ गेमवर लेख लिहावा हे काही वाचकांना रुचणार नाही. ज्या वस्तूपायी मुलांची प्रगतिपुस्तके लाल होतात, तिचे कौतुक मास्तरांनीच करावे काय, असा प्रश्न आमच्या शिक्षकांच्या खोलीतही निघाला होता. माझे उत्तर एवढेच, की मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. ताम्रपट आणि बखरी ही जशी साधने, तशी माणसांनी हौसेने हाताळलेली वस्तूही साधनच. शिवाय हे साधन माझ्या घरी चालून आले. माझा भाचा सहा वर्षे जपानात नोकरीला होता. २०१९ साली तो परतला तेव्हा त्याच्या बॅगेत जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलेला एक सुपर फॅमिकॉम आणि अकरा कॅसेटी होत्या. (इंग्रजीत या वस्तूला कार्ट्रिज म्हणतात. पण आमच्या शाळेतली मुले १९९० च्या दशकात तिला कॅसेटच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.)

मूळ कथा क्योतो शहरातली. निंतेंदो ही कंपनी तिथे १८८९ साली निघाली ती हानाफुदा नावाचे फुलाफुलांचे पत्ते बनवण्यासाठी. १५ जुलै १९८३ रोजी तिने फॅमिली कॉम्प्युटर, म्हणजे बोलीभाषेत फॅमिकॉम, हे यंत्र १४,८०० येनला बाजारात आणले. ते घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडायचे आणि वरून कॅसेट खोचायची. या पहिल्या यंत्रात कुलूप नव्हते. ज्याला जमेल त्याने कॅसेट बनवावी आणि ती चालावी, इतका सरळ व्यवहार.

कुलूप आले ते अमेरिकेत जाताना. त्याच वर्षी, १९८३ साली, अमेरिकेतला घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला होता. कोणीही उठावे आणि कसलाही खेळ काढावा, असे झाल्यामुळे दुकाने भिकार मालाने भरली आणि गिऱ्हाईक पळाले. अटारी कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्दो गावच्या कचराभूमीत पुरला. पुढे एप्रिल २०१४ मध्ये ती जागा उकरली तेव्हा त्या कॅसेटी खरोखरच बाहेर आल्या. उत्खनन म्हटले की आपल्याला मोहेंजोदडो आठवते. अवघ्या एकतीस वर्षांपूर्वीच्या मालासाठी उत्खनन झाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

असा हात पोळलेला दुकानदार नव्या खेळयंत्राला दारात उभे करीना. म्हणून निंतेंदोने फॅमिकॉमचे रूप पालटले. व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरसारखा करडा डबा केला, कॅसेट समोरून आत सारायची सोय केली, आणि १९८५ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये त्याची चाचणी-विक्री केली. जपानी कॅसेटला ६० पिना होत्या, अमेरिकन कॅसेटला ७२ केल्या. जादा पिनांपैकी चार एका नव्या चिपसाठी होत्या. ही चिप दोन ठिकाणी असे, एक यंत्रात आणि एक कॅसेटमध्ये. दोन्हींत एकच छोटा प्रोग्रॅम चाले. यंत्र चालू झाल्याबरोबर दोघी एकमेकींशी ताल धरून आकड्यांची देवाणघेवाण करीत. लेझीम खेळताना दोन ओळींनी समोरासमोर ठेका धरावा तशी ही गोष्ट होती. ठेका चुकला, की यंत्रातली चिप साऱ्या यंत्राला पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला लावी. सेकंदाला एकदा, अशी पडद्याची उघडझाप होत राही.

कॅसेटमधली चिप फक्त निंतेंदोकडूनच मिळे. त्यामुळे कोणता खेळ निघावा आणि कोणत्या देशात निघावा, हे सारे एका हाती आले. युरोपसाठी या चिपचा ठेका वेगळा ठेवला होता, आणि युरोपातही पुन्हा दोन भाग. इंग्लंड आणि इटली एका बाजूला, जर्मनी आणि फ्रान्स दुसऱ्या बाजूला. म्हणजे लंडनच्या मुलाने सुटीत जर्मनीहून कॅसेट आणली, तर घरी पडदा नुसताच लुकलुके. चोरट्या मालाला आळा घालणे हा हेतू मी समजू शकतो. पण ज्याने पदरचे पैसे मोजून खरा माल घेतला त्यालाही तेच कुलूप, हा न्याय मला पटत नाही. गंमत म्हणजे पिनांवर जरा धूळ बसली तरी ठेका चुके आणि प्रामाणिक गिऱ्हाईकही दाराबाहेर राही.

कुलूप आले की किल्ल्याही येतात. अटारी गेम्स कंपनीने या चिपचा प्रोग्रॅम अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून न्यायालयीन कामाची खोटी सबब सांगून मिळवला आणि त्यावरून स्वतःची चिप केली. ते प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९९२ साली तिथे ही लबाडी त्यांच्या अंगाशी आली. हौशी माणसांनी याहून सोपी वाट काढली. यंत्रातल्या चिपची चौथी पिन कापली, की ती पहारा करायचेच सोडून देते. काही चतुर मुलांना आणखी एक शोध लागला. अगदी सुरुवातीच्या अमेरिकन कॅसेटी घाईघाईने बनवल्या होत्या. ‘जायरोमाइट’ नावाच्या खेळाच्या काही कॅसेटी उघडल्या तर आत चक्क जपानी ६० पिनांची पट्टी आणि तिला ७२ पिनांचे करणारा जोड निघे. कंपनीने स्वतःच सीमेपलीकडे जाण्याचा दुभाषा डब्यात घालून विकला होता. तो काढून घेतला, की त्यावर जपानी कॅसेट बसवता येई.

आता आपल्याकडे वळू. भारतात ना अमेरिकन डबा रुजला, ना युरोपीय कुलूप. समुराई या नावाच्या खोक्यातून फॅमिकॉम इथे विकला गेला आणि मागोमाग तैवान-चीनमधल्या नकलांची रीघ लागली. नक्कल करणारा बिनकुलपाचेच यंत्र उचलणार हे उघड आहे. म्हणून या साऱ्या नकला जपानी ६० पिनांच्या होत्या. रशियात १९९२ साली आलेला देंदी आणि पोलंडमधला पेगासस हेही त्याच घराण्यातले. आमच्या शाळेसमोर तासावर खेळ लावणारे एक दुकान होते. तिथली मुले ज्या कॅसेटींवर फुंकर मारून त्या खोचत, त्यांतल्या कित्येकांवर जपानी अक्षरे असत. अमेरिकेतला हौशी खेळाडू ज्या परदेशी मालासाठी पक्कड आणि सोल्डरिंगची सळई घेऊन बसला होता, तो आमच्या पोरांना तासाच्या भाड्यात मिळत होता, आणि आपण परदेशी काही खेळतो आहोत हे त्यांच्या गावीही नव्हते. त्यांच्या लेखी मारिओ हा आपल्याच गल्लीतला होता.

यात आणखी एक अडचण होती ती दूरचित्रवाणीच्या पद्धतीची. जपान-अमेरिकेत चित्र सेकंदाला ६० वेळा रंगवले जाई. त्या पद्धतीला एनटीएससी म्हणतात. युरोपातल्या आणि आपल्या दूरदर्शनच्या पाल पद्धतीत ते ५० वेळा. खेळाची गती या आकड्याशी बांधलेली होती. गणिताच्या मास्तरांना विचारण्याचीही गरज नाही. साठाचे पन्नास झाले म्हणजे खेळ एक षष्ठांशाने मंदावला. १९९१ सालचा ‘सॉनिक’ हा सेगा कंपनीचा खेळ सारा वेगासाठी गाजला, पण युरोपातल्या मुलांना तो आणि त्याचे संगीत मंद लयीतच मिळाले. शिवाय चित्राच्या वर-खाली काळे पट्टे. तिथल्या पुष्कळांना मूळ गती कशी असते हे परदेशी यंत्र पाहिल्यावरच उमगले. तैवानी नकलांची मात्र तारीफ केली पाहिजे. पाल संचासाठी बनवलेल्या त्यांच्या चिपांमध्ये कालगणना अशी जुळवली होती, की चित्र ५० चेच राहूनही जपानी कॅसेटी बिघडत नसत.

इतर कंपन्यांच्या तऱ्हा सविस्तर सांगत बसत नाही. सेगाच्या मेगा ड्राइव्हचे तोंड देशोदेशी वेगळ्या आकाराचे. लोकांनी ते कानशीने घासून मोठे केले. मग कंपनीने खेळातच अशी तपासणी घातली, की परक्या यंत्रावर तो नकारघंटा वाजवून थांबे. लोकांनी यंत्राला बाहेरून एक खटका बसवला आणि खटका इकडचा तिकडे केला की यंत्र जपानी, अमेरिकन वा युरोपीय होऊ लागले. पीसी इंजिन नावाच्या यंत्राने तर कमाल केली. त्याच्या अमेरिकन आवृत्तीत आठ माहितीवाहक तारांचा क्रम नुसता उलटा लावला होता. उर्दू उजवीकडून वाचावी लागते तसे. पण इथे वाचणाऱ्याला ते सांगायचे नाही, एवढाच कावा.

हा सारा खटाटोप लोकांनी का करावा? पलीकडे असे काय होते? पहिले म्हणजे, सीमा ओलांडताना खेळांची मोडतोड होई. ‘झेल्डा’ या १९८६ सालच्या खेळात सशासारख्या कानांचे एक भूत आहे. फॅमिकॉमच्या दुसऱ्या हातयंत्रात मायक्रोफोन होता. त्यात ओरडले की हे भूत मरे. अमेरिकन यंत्रात मायक्रोफोन ठेवलाच नाही, पण माहितीपुस्तिकेतले वाक्य तसेच राहिले, की याला मोठा आवाज सहन होत नाही. तिथली मुले बिचारी खेळातली बासरी त्याच्यासमोर वाजवीत बसली. भूत ढिम्म. भाषांतर चूक नसूनही अर्थ सीमेवरच राहतो, याचा याहून सुरेख नमुना मला दाखवता येणार नाही. तीच गत मारिओच्या दुसऱ्या भागाची. १९८६ साली जपानात आलेला भाग अमेरिकनांना फार अवघड वाटेल म्हणून दिलाच नाही. १९८८ साली एका निराळ्याच जपानी खेळातली पात्रे बदलून तो ‘दुसरा भाग’ म्हणून विकला. खरा दुसरा भाग त्यांना १९९३ साली, ‘हरवलेले टप्पे’ अशा अर्थाच्या नावाने मिळाला.

दुसरे म्हणजे, पुष्कळ खेळ जपानबाहेर गेलेच नाहीत. त्यांतही कथाप्रधान खेळ. १० फेब्रुवारी १९८८ रोजी, बुधवारी, ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा तिसरा भाग निघाला तेव्हा तोक्योतल्या दुकानांपुढे प्रचंड रांगा लागल्या आणि शेकडो विद्यार्थी शाळा बुडवून त्यांत उभे होते. (त्या दिवशीच्या तिथल्या मुख्याध्यापकांविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे.) ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा पाचवा भाग २७ सप्टेंबर १९९२ रोजी आला. एका मुलाच्या लहानपणापासून तो स्वतः बाप होईपर्यंतची ही कथा. तिची अधिकृत इंग्रजी आवृत्ती निघायला २००९ साल उजाडले. सतरा वर्षे! तोवर परदेशातल्या हौशी माणसाने काय करायचे? जपानी कॅसेट आणायची, खुंट मोडायचे, आणि शब्दकोश घेऊन बसायचे.

भाच्याच्या अकरा कॅसेटींत हाच खेळ होता, आणि तो इथे चालू करणे सोपे गेले नाही. जपानात घरची वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची; त्याचा मूळ अडॅप्टर थेट आपल्या भिंतीत खोचला असता तर खेळाआधी धूरच पाहायला मिळाला असता. माझा एक जुना विद्यार्थी टीव्ही-दुरुस्तीचे दुकान चालवतो. मॅट्रिकला दोनदा नापास झालेला. पण सोल्डरिंगची सळई हाती घेतली की त्याची बोटे वीणावादकाची होतात. त्याने ट्रान्सफॉर्मर दिला. खेळलेला भाग साठवून ठेवणारा कॅसेटच्या पोटातला बटन सेल तीस वर्षांनी मेला होता, तोही त्याने काढून नवा बसवला. “सर, ह्यात लॉक-बिक काय नाही, जपानी मशीन आणि जपानीच कॅसेट,” तो म्हणाला. खरे होते. जी सीमा उरली होती ती लिपीची.

माझी नात, म्हणजे भाच्याची मुलगी, तेव्हा दहा वर्षांची होती. जपानहून परतताना ती बोलायला थोडीफार शिकली होती, वाचायला नाही. तिची शाळा तिथे इंग्रजी होती. घरी मराठी, आमच्या गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. चौथ्या लिपीचे ओझे तिच्यावर कोणी टाकणार नव्हते. पण खेळ सुरू होताच पडद्यावर नायकाचे नाव विचारतात आणि अक्षरांचा एक तक्ता समोर येतो. तो पाहताना मीच खुर्चीत पुढे सरकलो. भाच्याने वाचून दाखवले: आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा.

वाचकहो, हा क्रम कुठे ऐकला आहे का? क, च, ट, त, प, य, र, ल, व यांतून जपानीत नसलेले ध्वनी गाळा. सा या ओळीचा उच्चार प्राचीन काळी च किंवा त्स सारखा होता आणि हा ओळीचा प सारखा, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. ते परत जागी ठेवले की क, च, त, न, प, म, य, र, व अशी आपलीच वर्णमाला उभी राहते. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत मंत्र आणि ते लिहिण्याची सिद्धम् लिपी चीनमार्गे जपानात गेली; ती शिकताना तिथल्या पंडितांना कंठ्य-तालव्य-दंत्य ही मांडणी कळली, आणि तिच्यावरून त्यांनी आपली अक्षरे लावली. आकार वेगळे, क्रम आपला. शेवटी एकटा न येतो, तो आपल्या अनुस्वारासारखा. का ला दोन टिंबे दिली की गा होतो. हा ला बारीकसे वर्तुळ दिले की पा.

मी फळ्यावर शिकवतो तसा एक तक्ता करून दिला. डावीकडे देवनागरी, उजवीकडे कानाक्षरे. नात आठवड्यात वाचायला लागली, कारण तिला परीक्षा द्यायची नव्हती, पुढच्या गावात जायचे होते. या खेळातला बहुतेक मजकूर कानाक्षरांतच आहे, कारण त्या काळच्या कॅसेटमध्ये स्मृती तुटपुंजी आणि चिनी वळणाची हजारो चित्राक्षरे चिमुकल्या चौकोनांत बसवणे कठीण. यंत्राच्या गरिबीचा तिला असा फायदा झाला. तिच्या नावात ल आहे. जपानीत ल नाही, म्हणून नायकाच्या नावात र आला. तिने तक्रार केली नाही; आमच्या भागात एका नावाची दोन शुद्धलेखने शाळेच्या दाखल्यावर आणि रेशनकार्डावर सुखाने नांदत असतात, हे तिने ऐकलेले आहे.

बाहेरच्या देशांत इतरांनी आणखी मोठी मजल मारली. कॅसेटमधला मजकूर संगणकावर उतरवून घ्यायचा, जपानी जागी इंग्रजी शब्द बसवायचे आणि ते इतरांना फुकट द्यायचे, असे मंडळ्यांचे काम १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. ‘फायनल फँटसी’चा १९९२ सालचा पाचवा भाग आरपीजीई नावाच्या अशाच एका गटाने १९९७-९८ च्या सुमारास इंग्रजीत आणला, कंपनीची इंग्रजी आवृत्ती त्यानंतर, १९९९ साली आली. २००६ सालच्या ‘मदर ३’ची वाट पाहून थकलेल्या रसिकांनी ऑक्टोबर २००८ मध्ये स्वतःचे भाषांतर पूर्ण केले. हे काम कायद्याच्या काठावरचे आहे, हे खरेच. पण नुसते शब्द बदलून भागत नाही हे भाषांतर करणाऱ्यालाच कळते. जपानीत तीन-चार अक्षरांत मावणाऱ्या वस्तूला इंग्रजीत दहा लागतात आणि जागा तर तितकीच. मग अधिकृत भाषांतरकारही ‘फिनिक्स’चे स्पेलिंग दोन अक्षरांनी आखडते घेतात. या चौकोनांत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांच्यासह मराठी कशी बसवावी लागली असती, हे मी एका रविवारी चौकटीच्या वहीवर करून पाहिले. ‘क्ष’ला दोन घरे लागली आणि ‘र्त्स्न्य’ने तर वहीच सोडायला लावली.

कुलपे पुढे हळूहळू गळाली. खिशातला गेम बॉय (१९८९) तर पहिल्यापासूनच सगळ्या देशांच्या कॅसेटी स्वीकारी. कारण स्वतःचाच पडदा असल्याने पाल-एनटीएससीचा प्रश्न त्याला नव्हता, आणि व्यापाराचे कुलूपही त्याला घातले नव्हते. प्लेस्टेशनची (१९९४) तबकडी देशाची खूण आतल्या कडेशी बाळगी, तिलाही लोकांनी चार तारांच्या चिपेने चकवले. २०१७ साली निंतेंदोने स्विच हे यंत्र देशाच्या कुलपाविना काढले, तेव्हा जुन्या हौशी मंडळींनी सुटकेचा श्वास सोडला.

त्याच यंत्राची दुसरी पिढी ५ जून २०२५ रोजी आली. जपानात तिच्या दोन आवृत्त्या निघाल्या. एकीत अनेक भाषा. ती ६९,९८० येनला. दुसरीत फक्त जपानी, आणि जपान हा देश नोंदवलेल्या खात्यावरच चालणारी. ती ४९,९८० येनला. येन घसरलेला असल्याने परदेशी लोकांनी स्वस्त यंत्रे गोळा करून नेऊ नयेत यासाठी हा बेत असल्याचे तेव्हा सर्वत्र बोलले गेले. दोन्ही यंत्रे दिसायला एक, आत घालायचे खेळही तेच. किमतीतला फरक वीस हजार येनांचा.